खुर्चीसमोरची आठ पावलं

तेमांगुंग,
१२ जानेवारी २००४

प्रिय पाक्लिक,

फोन करत नाही. फोनवर मी ओरडते, तुम्ही "काय?" म्हणता आणि शेवटी दोघंही आपापलं बोलून फोन ठेवतो. काका असूनही तुमच्या कानाचा मला काही उपयोग नाही. मला तुमचा हात हवा आहे.

काम असं आहे. आमच्या विस्मा तेन्त्रम वृद्धाश्रमात काल तिसरं माणूस पडलं. बु हास्तुती, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई. खुब्याचं हाड मोडलं, मागेलांगच्या इस्पितळात आहेत. डिसेंबरात बु मार्सियेम पडल्या, मनगट मोडून घेतलं. आणि त्याआधी नोव्हेंबरात, लेबारानच्या ईदला भेटायला आलात तेव्हा, तुम्ही. तिघंही एकाच जागी: व्हरांड्यात, बापाकच्या खुर्चीपासून जेवणघराच्या दारापर्यंत जी आठ पावलं आहेत तिथे. तुमचे मोठे बंधू, म्हणजे माझे वडील, त्या खुर्चीत बसून अख्ख्या संस्थेची हजेरी घेतल्यासारखे बघत असतात. शाळा सुटून चोवीस वर्षं झाली, हेडमास्तरकी काही सुटलेली नाही.

आमच्या संचालिका बु नानिंग यांनी समितीपुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली, म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून एक पुस्तिका आणि भिंतीवर लावायला मोठे तक्ते करायचे. मुख्य नर्स म्हणून ते माझ्या गळ्यात आलंय. दुसरी, फरशी पुसणाऱ्या यु तुमीला कामावरून काढायचं. तिला दोन ताकिदी मिळाल्यात, ही तिसरी. २८ फेब्रुवारीला समिती बसेल आणि तिच्याकडून सही घेईल. तुमी इथे एकोणीस वर्षं आहे, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते, बाहेर तिला कुणी नाही. पहिल्या ताकिदीच्या कागदावर कारण लिहिलंय: "फरशी ओली होती." ते तुमचं वाक्य आहे, पाक्लिक. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत तसंच उतरवून घेतलंय.

तर मला आठ चित्रं काढून द्या. पहिलं ओल्या फरशीचं, असं बु नानिंगचं म्हणणं आहे. मग न्हाणीघर, चपला, घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेलं जारिक, भिंतीचा कठडा धरून चालणं वगैरे. तुमच्या शाळेच्या पुस्तकांत काढायचात तशी ठसठशीत चित्रं हवीत. इथल्या निम्म्या लोकांना वाचता येत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना चष्मा लावायचा नाही.

गुडघा कसा आहे?

तुमची,
पलुपी

*

मलांग,
२० जानेवारी २००४

पलुपी पोरी, न्दुक,

बत्तीस वर्षं मी या देशातल्या पोरांना शेळी, विहीर आणि आज्ञाधारक मुलगा काढून दाखवला. आता म्हाताऱ्यांसाठी चपला काढतोय. बढती म्हणायची की काय ते तूच ठरव.

आठही चित्रं सोबत पाठवतोय. ओल्या फरशीच्या चित्रात बादली आणि पोछा घेतलेली बाई आहे, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळेल. न्हाणीघरातल्या बाईच्या चेहऱ्यावर मी खास मेहनत घेतली आहे. ती आमच्या शेजारणीसारखी दिसते, पण हे तिला सांगू नकोस. कठड्याच्या चित्रात मागे एक म्हातारा खुर्चीत बसवलाय, जागा रिकामी वाटत होती म्हणून.

गुडघा उत्तम. मी रोज बाजारापर्यंत जाऊन येतो.

एक सांगतो. त्या व्हरांड्याच्या मागे फार लागू नकोस. फरशी ओली होती, मी तसं सांगितलं, विषय संपला. तुमी कष्टाळू बाई आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल. आणि तुझ्या बापाच्या, कांगमासच्या, कानावर यातलं काही घालू नकोस. या वयात त्याला कशाला त्रास?

तुझा पाक्लिक,
सुकेंदार

*

तेमांगुंग,
२८ जानेवारी २००४

प्रिय पाक्लिक,

चित्रं झकास आहेत. पण छापायच्या आधी ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांना दाखवून बघायची, अशी माझी पद्धत. म्हणून परवा सकाळी दहा-बारा जणांना जेवणघरात बसवलं आणि एकेक चित्र धरलं.

पहिलं चित्र पाहून सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपली तुमी! किती छान आलीय!" पाण्याकडे कुणी बघितलंच नाही. न्हाणीघरात घसरणारी बाई पाहून एक आजोबा खूश झाले. त्यांना वाटलं ती नाचतेय.

मग कठड्याचं चित्र धरलं. तुमची म्हातारी कठडा धरून छान ताठ चाललीय आणि समोर तो खुर्चीतला म्हातारा. बु मार्सियेम, ज्यांचं मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे, त्यांनी तोंड फिरवलं.

"काय झालं, बु?"

"ही कुणाच्या घरची गं?"

"कुणाच्या म्हणजे? चित्र आहे ते."

"वडीलधारा माणूस बसलाय, आणि ही बया त्याच्यासमोरून अशी मान वर करून चाललीय! काही वळण आहे की नाही?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पुढची चित्रं त्यांनी बघितलीच नाहीत.

पाक्लिक, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. काल सकाळी वही घेऊन मी व्हरांड्याच्या टोकाला बसले. नाश्त्यापासून जेवणापर्यंत बापाकच्या समोरून जेवणघराकडे एकेचाळीस वेळा माणसं गेली. प्रत्येकाने तेच केलं जे तुम्ही-आम्ही लहानपणापासून करतो. खुर्चीशी आले की कमरेत वाकायचं, उजवा हात जमिनीकडे सोडायचा, पुढून जायची परवानगी मागत "नुवुन सेवू" पुटपुटायचं आणि खाली बघत पुढे सरकायचं. सत्तर-पंचाहत्तरच्या बायका, पाठीला बाक, डोळ्यांत मोतीबिंदू. आणि जेवणघराकडे जाताना कठडा उजव्या हाताला येतो. म्हणजे जो हात कठड्यावर हवा तोच त्या आठ पावलांत सुटतो. एकेचाळीसपैकी एकानेही धरलेला नव्हता.

फरशी तुमी पहाटे पाचला पुसते. बु हास्तुती अकराला पडल्या, बु मार्सियेम दहाला. तोवर तिथे पाणी कुठून राहणार?

तुम्हीसुद्धा दहाच्या सुमारास पडलात, ईदच्या नमाजानंतर. चहा आणायला उठला होतात, म्हणजे जेवणघराकडेच चालला होतात. म्हणून सरळ विचारते. फरशी खरंच ओली होती का? मला लेखी उत्तर हवंय. तुमच्या त्या एका वाक्यानंतर पुढच्या दोन्ही वेळी कुणी फरशीला हात लावूनही बघितला नाही. तुमीचं घर त्या वाक्यावर टांगलंय.

पलुपी

*

मलांग,
५ फेब्रुवारी २००४

पलुपी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं की हे माझ्या पुतणीने लिहिलेलं नाही.

तुला काय छापायचंय? हेडमास्तर दार्मोसुवितो माणसं पाडतात? ज्या माणसासमोर अर्धं तेमांगुंग वाकून मोठं झालं, त्याच्या नावाने तक्ता लावणार? आमचे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, कांगमास एकोणीसचा. त्याने मला वाढवलं. सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेलं. मी शेळी नीट काढली नाही तेव्हा रात्रभर रागावला नाही, सकाळी खरी शेळी आणून दारात बांधली. त्या माणसाला म्हातारपणी तू सांगणार की तुझा मान ठेवला म्हणून बायकांची हाडं मोडली?

फरशी ओली होती. मी ओली म्हटलं म्हणजे ओली.

कठड्याचं चित्र दुरुस्त करून पाठवतोय. म्हातारीला वाकवली आहे, आता तुमच्या बायकांना वळण दिसेल. ओळी जरा हलल्यात, नवीन दौतीची सवय नाही. याउपर मला या विषयावर लिहू नकोस.

सुकेंदार

*

तेमांगुंग,
११ फेब्रुवारी २००४

पाक्लिक,

तुम्ही लिहू नकोस म्हणालात तरी लिहितेय. रागावलात तर रागवा.

दुरुस्त केलेलं चित्र बु नानिंगना फार आवडलं. तेच छापायला द्या म्हणाल्या. म्हणजे माणसांना पडायचं कसं ते आता आम्ही रंगीत तक्त्यावर शिकवणार. मी ते टेबलाच्या खणात घालून कुलूप लावलंय.

पण लिहायला बसले ते तुमीमुळे. परवा ती माझ्याकडे आली. हातात कोरडं फडकं होतं. हल्ली ती दिवसभर व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून फरशी पुसत असते. कुणी गेलं की त्याच्या मागे पुसते. पाणी लावायलाच घाबरते. मी म्हटलं, "यु तुमी, पुरे. काही ओलं नाही."

ती म्हणाली, "मुख्य बाई, मला आठवत नाही हो. मी रोज कोरडं करते असं मला वाटायचं. पण तिघं पडली म्हणजे राहत असणार पाणी. माझीच नजर गेली असेल."

रविवारी ती बसने मागेलांगला गेली होती. बु हास्तुतींच्या खाटेशी खाली बसून, त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकवून माफी मागून आली. जे तिने केलंच नाही त्याची. आणि हास्तुतीबाईंनी दिली! "चूक होते गं माणसाच्या हातून," म्हणाल्या.

मला तुमचा राग येतोय, पाक्लिक, आणि माझाही. कारण व्हरांड्याच्या टोकाला वही घेऊन बसणारी मी बापाकसमोर जाऊन तोंड उघडू शकत नाही. तीन वेळा गेले. तिन्ही वेळा त्यांच्यासमोर वाकून, औषध देऊन परत आले. मी मुलगी, तुम्ही धाकटे भाऊ, बाकी सगळे वयाने लहान. त्यांच्यापेक्षा मोठं इथे कुणी उरलेलंच नाही. मग हे त्यांना सांगणार कोण?

अजून सतरा दिवस आहेत.

पलुपी

*

मलांग,
१८ फेब्रुवारी २००४

न्दुक,

फरशी कोरडी होती.

आता एकदा लिहिलं म्हणजे बाकीचं लिहिता येईल. ईदच्या सकाळी मी कांगमासच्या पायांशी बसलो, त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून वर्षाच्या चुकांची माफी मागितली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. उठताना गुडघा कुरकुरला, मी लक्ष दिलं नाही. मग चहा आणायला निघालो. त्याच्यासमोरून जायचं होतं. तो बघत होता आणि मला वाटलं, आज छान वाकावं, त्याला बरं वाटेल. एकाहत्तराव्या वर्षी मी त्याच्यासमोर शाळकरी पोरासारखा वाकलो, आणि उठताच आलं नाही. पुढेच गेलो.

सगळे धावले. कांगमासचा चेहरा पांढरा पडला. त्याने विचारलं, "केंदार, काय झालं रे?" कोपऱ्यात बादली दिसली. पालथी होती, कोरडी ठणठणीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "फरशी ओली आहे, कांगमास." तुझ्यापुढे वाकताना पडलो, हे त्याला ईदच्या दिवशी कसं सांगणार होतो? मला त्याला वाचवायचं होतं. बादली कुणाची आहे याचा मी विचारच केला नाही. खरं सांगतो, तुमीचं नावही तेव्हा मला आठवत नव्हतं.

आणखी एक खोटं. मी बाजारात जात नाही. घरात खुर्च्या धरून पलंगापासून टेबलापर्यंत जातो. डिसेंबरात पुन्हा एकदा पडलो, न्हाणीघराच्या दारात. तुला पाठवलेली ती नाचणारी बाई मीच आहे. दौतसुद्धा जुनीच आहे, हात हलतो.

सोबत समितीसाठी सही केलेला कागद आहे. त्यात सगळं लिहिलंय. आणि एक नववं चित्र आहे. त्यात मी आहे, वाकलेला, एक पाय सुटलेला, कठडा हातभर लांब. समोर त्याची खुर्ची आहे, वेताने बांधलेल्या हातासकट. खुर्चीत त्याला काढायला गेलो, पण चार वेळा पेन उचलून ठेवलं. खुर्ची रिकामीच ठेवली आहे. तुला भरायची तर भर.

तुमीला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

सुकेंदार

*

तेमांगुंग,
२९ फेब्रुवारी २००४

प्रिय पाक्लिक,

तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. समितीला चार दिवस होते. मी ठरवलं की नववं चित्रही बाकीच्यांसारखंच दाखवायचं, पण जेवणघरात नाही, व्हरांड्यात. सगळ्यांना दिसेल असं ते छातीशी धरलं.

सगळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही. मग बापाक म्हणाले, "इकडे आण." त्यांनी चष्मा पुसला, लावला आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"खुर्ची माझी आहे. वेताची गाठ मीच मारली आहे. हा केंदार आहे. मग मी कुठे आहे?"

बोलल्या त्या बु मार्सियेम. प्लास्टरचा हात छातीशी धरून शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. "आम्ही तुमच्यासमोर वाकतो, पाक गुरू. वाकलं की हात सुटतो. मीसुद्धा तशीच पडले. सांगायची लाज वाटली."

बापाकनी माझी वही मागितली. एकेचाळीस रेघा बोटाने मोजल्या. "मला वाटायचं, किती शिस्तीची माणसं आहेत," एवढंच म्हणाले. मग हेडमास्तरांच्या आवाजात हुकूम सोडला: उद्यापासून सगळ्यांनी ताठ जायचं, कठडा धरून.

दुसऱ्या दिवशी कुणीही ऐकलं नाही! उलट हुकूम मोडतोय म्हणून आणखी खाली वाकून माफी मागून गेले. खुर्ची आत हलवली, तर रिकाम्या जागेपुढे वाकले. मी रडायच्या बेतात आले होते.

काल समिती आली. बु नानिंग सहीचा कागद घेऊन पुढे, मागे समितीची चार माणसं. तुमी खाली बसून फरशी पुसत होती. तुमचा कागद मी वाचून दाखवायला घेतला, तेवढ्यात बापाक उठले. पाक्लिक, ते एकटे कधी उठत नाहीत. मी धावले तर हातानेच थांबवलं. कठडा धरला आणि जेवणघराकडे चालायला लागले, ताठ. एक पाऊल, दुसरं, तिसरं. त्यांचा पाय थरथरत होता, जारिकातून दिसत होतं. मला मोजताही येईना. तुमी वाटेत होती. ती घाबरून आणखी खाली झुकली, कपाळ फरशीला लागायला आलं.

"ऊठ, तुमी," ते म्हणाले. "वाकू नकोस. मी पडलो तर धरायला मला उभं माणूस लागेल."

ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली, आणि लटपटत होती ती त्यांच्यापेक्षा जास्त. मग बापाक समितीकडे वळले. "फरशी कोरडी होती. माझा भाऊ माझ्यासाठी खोटं बोलला आणि शिक्षा हिला होत होती." आणि तुमीला म्हणाले, "मला खाली बसून माफी मागता येत नाही. उभ्यानेच मागतो." त्यांनी तिच्यासमोर मान खाली घातली. फक्त मान. उजवा हात कठड्यावरच होता.

तुमी राहिली. बु नानिंगनी माफी वगैरे मागितली नाही, पण तिन्ही ताकिदी फाइलमधून काढून तिच्या हातात दिल्या. तुमीला वाचता येत नाही. ती माझ्याकडे येऊन विचारते, "यावर सही कुठे करायची?"

आज सकाळी बु मार्सियेम बापाकच्या समोरून कठडा धरून गेल्या. मान वर करून, लाजून लाल होऊन. त्यांच्या मागे बाकीचे. जे पुस्तिकेने झालं नसतं ते झालं. पुस्तिकाही मी बदलली आहे. पहिल्या पानावर आता सल्ला नाही. बापाकचं चित्र आहे आणि त्यांनी सांगितलेलं वाक्य: "माझ्यासमोरून ताठ जा, कठडा धरून. तुमचा नमस्कार मला पोचला."

तुमच्या खुर्च्या धरून चालण्याबद्दल मी त्यांना सांगितलं. गप्प बसेन असं वचन मी दिलं नव्हतं. त्यांचं पत्र याच पाकिटात आहे. मी वाचलेलं नाही.

पलुपी

*

तेमांगुंग,
२९ फेब्रुवारी

केंदार,

तुझ्या चित्रातली खुर्ची मी भरली. मला माणसं काढता येत नाहीत हे तुला माहीत आहे, तेव्हा बटाट्यासारखा दिसतो आहे. छापण्यापूर्वी तू नीट करून दे.

घरात भिंतीला कठडा बसवून घे. खुर्ची सरकते. सुतार मिळत नसेल तर पलुपीला कळव, ती तिथे येऊन त्याच्यावर ओरडेल.

ईदच्या दिवशी तू माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून माफी मागितलीस आणि दोनच मिनिटांत माझ्याशी खोटं बोललास. त्याचं मी बघून घेईन. पण तुमीची माफी तुला स्वतः येऊन मागावी लागेल. मी माझ्या वाटची मागितली आहे, तुझी मागितलेली नाही.

तू सहा वर्षांचा असताना मी तुला सायकल शिकवत होतो. तू पडलास की मी विचारायचो, लागलं का? तू म्हणायचास, कांगमास, रस्ता ओला होता. कडकडीत ऊन असायचं. माझा हात सुटला म्हणून पडलो, असं तू कधीच म्हणाला नाहीस. मला तेव्हा सगळं कळायचं. या वेळी मी कळून घेतलं नाही, कारण सगळे वाकलेले बघायला मला बरं वाटत होतं.

पुढच्या लेबारानला ये. पायांशी बसायचं नाही. समोरून जाशील तेव्हा कठडा धर आणि ताठ जा. या वेळी माझा हात सुटणार नाही.

तुझा कांगमास